मेटलची गिटार: आधी ट्यूनिंग ठरवा

हेवी मेटल वाजवायला इलेक्ट्रिक गिटार कशी निवडावी, यावर वाचकांनी विचारलेले नऊ प्रश्न या वेळी घेतले आहेत. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : वर्षभर साध्या गिटारवर शिकलो, आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. थ्रॅश आणि डेथ मेटल जास्त ऐकतो. व्ही आकाराची टोकदार गिटार मनात भरली आहे, पण ओळखीचे सगळे ‘सुपरस्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टरवरून निघालेला प्रकार) घे’ म्हणतात. मेटलच्या गिटारमध्ये नेमकं बघायचं काय?

उत्तर : आकाराचं नंतर बघू. जी दहा-बारा गाणी तुम्हाला वाजवायचीच आहेत त्यांची आधी यादी करा आणि प्रत्येकापुढे त्याचं ट्यूनिंग लिहा. ऐंशीच्या दशकातलं बरंचसं थ्रॅश नेहमीच्या ई ट्यूनिंगमध्ये (सर्वांत जाड तार ई सुराला) किंवा त्याच्या अर्धा सूर खाली आहे. डेथ मेटल बऱ्याचदा डी, सी, अगदी बीपर्यंत उतरतं. यादीतली बहुतेक गाणी कुठे पडतात ते कळलं की निम्मी निवड झालीच, कारण स्केल, तारांची जाडी आणि ब्रिजचा प्रकार या तिन्ही गोष्टी ट्यूनिंगच्या मागून येतात.

मग बघायचं ते पुढे काय बदलता येतं आणि काय येत नाही. पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग), खुंट्या, नट (खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी), नॉब, जॅक हे सगळं नंतर बदलता येतं. स्केल, नेकचा आकार आणि तारांची संख्या बदलता येत नाही. ब्रिजचा प्रकार बदलायचा तर लाकूड कोरावं नाहीतर बुजवावं लागतं. म्हणून हातातले पैसे न बदलणाऱ्या भागांवर लावा. सरळ नेक आणि नीट बसवलेले फ्रेट असतील तर सुमार पिकअप दोन वर्षांनी बदलता येतील. पिळवटलेल्या नेकवर कितीही भारी पिकअप बसवला तरी नेक तशीच राहते.

स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा, स्केल मिळालं. गिब्सन घराण्याच्या गिटारींत (लेस पॉल, एसजी, फ्लाइंग व्ही, एक्स्प्लोरर) ते साधारण २४.७५ इंच, म्हणजे ६२८ मि.मी. असतं. स्ट्रॅटोकास्टर आणि तिच्यावरून निघालेल्या बहुतेक सुपरस्ट्रॅटमध्ये २५.५ इंच, म्हणजे ६४८ मि.मी. स्केल लांब असलं की त्याच सुराला तीच तार जास्त ताणलेली राहते. २४.७५ वरून २५.५ वर गेलं की ताण सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला हे थोडं वाटतं, पण जाड तारेवर सलग डाउनपिकिंग (फक्त वरून खाली पिक मारणं) करताना हाताला लगेच जाणवतं.

म्हणून छोट्या स्केलवर मेटल होत नाही असं मात्र नाही. या संगीताचा पायाच तिथे घातला गेला. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमींच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली. ते डावखुरे असल्यामुळे हाच त्यांचा तार दाबायचा हात. बोटांवरचा भार हलका व्हावा म्हणून ते बारीक तारांकडे वळले आणि पुढे सूर सी शार्पपर्यंत खाली आणला. हातात होती ती छोट्या स्केलची एसजी.

तुमच्या यादीत ई ते डी एवढाच पल्ला असेल तर दोन्ही स्केल चालतील. सी किंवा त्याखाली असेल तर २५.५ पासून वर बघा. आता व्ही. हा आकार १९५८ पासून आहे आणि उभं राहून वाजवताना वरच्या फ्रेटपर्यंत हात मोकळा जातो. बसून वाजवताना मात्र नेहमीसारखी उजव्या मांडीवर ठेवली की घसरते. तिचा खालचा पंख दोन मांड्यांमध्ये धरून नेक वर उचलून बसावं लागतं. दिवसाकाठी दोन तास बसून सराव करणार असाल तर दुकानात त्या बैठकीत वीस मिनिटं वाजवून बघा आणि मग ठरवा. सुपरस्ट्रॅट सांगणारे चुकीचं सांगत नाहीत. तिचं अंग मांडीला आणि कुशीला बसेल असं कापलेलं असतं, बहुतेकदा २४ फ्रेट असतात, आणि पहिल्या गिटारसाठी ती कमी त्रासाची आहे. पण जी गिटार बघितल्यावर हात शिवशिवतात तिच्यावर सराव जास्त होतो, हेही तितकंच खरं.

प्रश्न : माझी गिटार २४.७५ इंच स्केलची आहे, तारा दहाच्या सेटच्या (बारीक तार ०.०१० इंच, जाड ०.०४६). ड्रॉप सी (जाड तार सी सुराला) लावलं की जाड तार लोंबते, फ्रेटवर खडखडते आणि जोरात मारली की सूर वर जाऊन खाली येतो. दुसरी गिटार घ्यावी लागेल का?

उत्तर : नाही, तारा बदला. हिशोब सरळ आहे. त्याच तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे कमी-जास्त होतो. खालची ई ८२.४ हर्ट्झ, तर सी ६५.४ हर्ट्झ. म्हणजे ४६ ची तार सीवर आणली की मूळ ताणाच्या ६३ टक्केच ताण उरतो. अशा तारेवर जोरात पिक मारला की तार फार लांब झोलते, त्या क्षणी तिचा ताण वाढतो आणि सूर चढतो. तार शांत होताना सूर खाली येतो. तुम्हाला ऐकू येतंय ते हेच.

मूळचा ताण परत हवा असेल तर जाडी त्याच प्रमाणात वाढवायची: ४६ ला १.२६ ने गुणा, ५८ येतात. ड्रॉप सीमध्ये बाकीच्या पाच तारा फक्त एक पूर्ण सूर खाली असतात, त्यांना सुमारे १२ टक्के जाडी पुरते, म्हणजे १० ची ११. त्यामुळे ११ ते ५६ किंवा त्याच्या आसपासचा, खालून जाड असलेला सेट तुम्हाला बरोबर बसेल. सगळ्याच तारा एकसारख्या जाड घेतल्या तर सोलो वाजवताना बोटं दुखतील आणि रिफला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या ओळीला) त्याचा फायदा काहीच होणार नाही.

तारा बदलल्या की गिटारचं सेटअप पुन्हा करावं लागतं. इथे क्रम पाळा. आधी नट बघा. ५६ ची तार ४६ साठी कापलेल्या खाचेत पूर्ण उतरत नाही, वरच अडकून बसते. खुंटी फिरवताना ‘टिक्’ आवाज करत सूर एकदम उडी मारत असेल तर खाच अरुंद आहे. ती त्या मापाच्या कानशीने रुंद करायची, खोल करायची नाही. खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि मग नटच बदलावा लागतो. हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

मग नव्या ट्यूनिंगला सूर लावून गिटार एक दिवस राहू द्या आणि नेकचा बाक तपासा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि सतराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. ०.२ ते ०.२५ मि.मी. हवी, साधारण दोन साधे कागद सरकतील एवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकमधली, बाक कमी-जास्त करणारी सळी) उजवीकडे पाव फेरा, कमी असेल तर डावीकडे पाव फेरा. एका वेळी त्याहून जास्त फिरवू नका. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: जाड तार २ मि.मी.च्या जवळ, बारीक तार दीड मि.मी. सगळ्यांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, म्हणजे नटपासून लांब न्या. उतरलेला असेल तर पुढे आणा. जाड तारेला सॅडल बरंच मागे लागतं. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर कधी कधी स्क्रू संपतो तरी सूर जमत नाही. अशा वेळी त्या तारेचं सॅडल उलटं बसवलं की तेवढी जागा मिळते.

प्रश्न : फ्लॉइड रोझ (बार नावाच्या दांड्याने हलवता येणारा तरंगता ब्रिज) घ्यावा की स्थिर ब्रिज? विक्रेता म्हणतो, फ्लॉइड रोझशिवाय मेटल अपुरं.

उत्तर : फ्लॉइड रोझचं वेड समजण्यासारखं आहे. फ्लॉइड रोझ यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी ही युक्ती काढली: तारा नटवर आणि ब्रिजवर दोन्हीकडे पक्क्या आवळायच्या, म्हणजे तार कुठे घसरणारच नाही. बार दाबून तारा पार लोंबवल्या तरी सोडल्यावर सूर जागेवर येतो. बारची किंचाळी, डाइव्ह हेच तुमचं वाजवणं असेल तर दुसरं काही घेऊ नका.

पण तुम्ही मुख्यतः रिफ वाजवणार आणि आज ई, उद्या ड्रॉप डी, परवा सी असं करणार असाल तर स्थिर ब्रिज घ्या. तरंगता ब्रिज तराजूसारखा असतो. एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांचा. एक तार उतरवली की तराजू कलतो आणि बाकीच्या पाच तारा चढतात. कार्यक्रमात एक तार तुटली की तेच, उरलेलं गाणं बेसूर. पाम म्यूट करताना (तळव्याने तारा हलक्या दाबून वाजवताना) तळवा ब्रिजच्या मागच्या बाजूवर जड पडला तरी सूर चढतो. हे टाळायला हात सॅडलवर हलका ठेवायची सवय करावी लागते, आणि ती लागायला काही आठवडे जातात.

घरात आधीच तरंगता ब्रिज असेल तर मधला मार्ग आहे. मागचं झाकण काढा. ब्रिजखाली लोंबणारा धातूचा ठोकळा दिसेल. त्याच्या स्प्रिंगांकडच्या बाजूला मापाचा लाकडी तुकडा बसवा, ब्रिज अंगाला समांतर असताना तो ठोकळ्याला टेकला पाहिजे. स्प्रिंगा किंचित आवळा. आता बार खाली दाबता येतो, वर ओढता येत नाही, आणि एक तार उतरवली किंवा तुटली तरी बाकीच्या हलत नाहीत. दोन्ही बाजूंना तुकडे लावले की ब्रिज पूर्ण स्थिर.

तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक बदला, नाहीतर स्प्रिंगा ब्रिज आत ओढून घेतात. तारेच्या टोकाचा गोळा कापा, टोक सॅडलमध्ये घालून तीनच्या ॲलन कीने आवळा, पण जीव काढून नाही, आतला छोटा ठोकळा तडकतो. फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे, सूर बारीक जुळवायचे स्क्रू) मधोमध ठेवा, खुंटीने सूर लावा, तार हाताने ओढून ताणून घ्या, पुन्हा सूर लावा, मग नट आवळा. फाइन ट्यूनर आधीच शेवटपर्यंत फिरवलेला असेल तर नट आवळल्यावर सूर दुरुस्त करायला जागाच उरत नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी करतो.

आणि स्वस्त गिटारवरची फ्लॉइड रोझची नक्कल घेऊ नका. ब्रिज ज्या धारेवर टेकून डुलतो ती धार मऊ धातूची असते, वर्ष-दोन वर्षांत बोथट होते आणि मग ब्रिज दर वेळी वेगळ्याच जागी येऊन थांबतो. त्याच किमतीतली स्थिर ब्रिजची गिटार कधीही उजवी.

प्रश्न : ॲक्टिव्ह पिकअप की पॅसिव्ह? ॲक्टिव्ह असले तर बॅटरी मधेच दगा देते म्हणतात.

उत्तर : आधी एक गोष्ट पक्की करा: ब्रिजकडचा पिकअप हंबकरच (दोन कॉइलचा) हवा. सिंगल कॉइल विजेच्या तारांची भुणभुण पकडतो, आणि मेटलच्या गेनवर (आवाज फाटेपर्यंत वाढवायच्या प्रमाणावर) तीच भुणभुण गाण्याएवढी मोठी होते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन कॉइल उलट सुलट जोडून ही भुणभुण आपसांत खोडून काढली. त्यावरूनच हंबकर हे नाव पडलं (हम म्हणजे भुणभुण).

ॲक्टिव्ह पिकअपमध्ये कॉइलला वेढे कमी असतात आणि आतच छोटा प्रीॲम्प असतो. त्यामुळे खरखर कमी, लांब केबलवरही आवाजाची धार टिकते आणि प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा निघतो. ईएमजी ८१ थ्रॅशमध्ये एवढा रुजला तो यामुळेच. त्याची दुसरी बाजू अशी, की हलका हात आणि जड हात यांतला फरक थोडा पुसला जातो. सगळ्या सुरांना एकाच कडक इस्त्रीने दाबल्यासारखं काहींना वाटतं. चांगला पॅसिव्ह हंबकर हा फरक राखतो. डेथ आणि थ्रॅशसाठी दोन्ही चालतात. आजच्या वेगवान, तारा उतरवलेल्या प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये पॅसिव्ह वापरणारे भरपूर आहेत.

बॅटरीची भीती धरू नका. एक ९ व्होल्टची बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. अट एकच, वाजवून झालं की केबल गिटारमधून काढा. केबल जॅकमध्ये असेपर्यंत वीज चालूच राहते. आवाज बारीक, फाटका यायला लागला की बॅटरी संपत आली. तारीख लिहून वर्षातून एकदा बदलली की तेही ऐकायची वेळ येत नाही. पुढे पॅसिव्हच्या जागी ॲक्टिव्ह बसवणार असाल तर पॉटही (नॉबखालचा रोधक) बदला. ॲक्टिव्हला २५ किलोओहम लागतात, पॅसिव्ह हंबकरला ५००. जुनेच ठेवले तर व्हॉल्यूमचा नॉब दिव्याच्या बटणासारखा वागतो, एकतर सगळं नाहीतर काहीच नाही.

नवा पिकअप घेण्याआधी असलेल्याची उंची बदलून बघा. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर मोजा. अडीच-तीन मि.मी. पासून सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने वर-खाली करत ऐका. फार जवळ गेला की खर्ज गढूळ होतो.

प्रश्न : महोगनी चांगलं की बासवूड?

उत्तर : एवढ्या गेनवर अंगाच्या लाकडावरून गिटार निवडू नका. लाकडाचा विचार वजनासाठी करा, चार किलोंच्या वरची गिटार दोन तास खांद्यावर पेलवत नाही. आणि नेकसाठी करा. तारा जाड असतील तर तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवून केलेली मेपलची नेक हवामान बदललं तरी कमी हलते.

प्रश्न : सहा तारांवर चार वर्षं वाजवतो आहे. सात तारांची घ्यावी, की आहे त्याच गिटारचा सूर बीपर्यंत उतरवावा? आठ तारांचंही आकर्षण आहे.

उत्तर : तुमचे रिफ खालच्या बीवर असतात आणि सोलो नेहमीच्या ई ट्यूनिंगच्या बोटांनी, असं असेल तर सात तारा. सगळंच वाजवणं खाली सरकलं असेल, वरची बारीक ई वापरात नसेल, तर सहा तारांचाच जाड सेट किंवा २७ इंचांच्या पुढची बॅरिटोन गिटार जास्त सोपी. सातव्या तारेचं आकर्षण वाटतं, पण ती बसवायची जबाबदारी उजव्या हातावर येते. तुम्ही न वाजवलेली तारसुद्धा भरपूर गेनवर गुरगुरत राहते. तळव्याने ती कायम दाबून धरावी लागते, आणि चार वर्षांची सवय नव्याने घडवायला दोन-तीन महिने लागतील हे धरून चला. नटपाशी नेक ४३ वरून ४८ मि.मी. रुंद होते, त्यामुळे अंगठा नेकच्या मागे मधोमध ठेवूनच वाजवावं लागतं. अंगठा वरून अडकवायची सवय असेल तर मनगट दुखतं.

खालची बी ६१.७ हर्ट्झ. ती २५.५ इंचांवर चालते, आयबानेझने १९९० मध्ये युनिव्हर्स ही सात तारांची गिटार आणली ती त्याच स्केलची. पण ड्रॉप ए, म्हणजे ५५ हर्ट्झपर्यंत जाणार असाल तर २६.५ किंवा २७ बघा. २५.५ वरून २७ वर ताण १२ टक्के वाढतो आणि जाड तार अंगावर येण्याऐवजी नीट उमटते. तिरके फ्रेट असलेली, जाड तारेला लांब आणि बारीक तारेला छोटं स्केल देणारी गिटार हा यातला सगळ्यांत समजूतदार उपाय आहे. दिसायला विचित्र वाटते, हाताला दहा मिनिटांत सवय होते.

आठ तारांबद्दल एवढंच, की तिची खालची एफ शार्प ४६.२ हर्ट्झ, बास गिटारच्या खालच्या ईपेक्षा जेमतेम एक सूर वर. बँडमध्ये बासवाला असेल तर त्याने कुठे वाजवायचं ते घेण्याआधी दोघांनी बसून ठरवा.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे, तिला मेटलच वाजवायचं आहे. हात लहान आहेत. मला यातलं काही कळत नाही. दुकानात बारीक नेकची गिटार दाखवतात, तीच घेऊ का?

उत्तर : तिला बरोबर न्या आणि तिच्याच हातात देऊन बघा, हे पहिलं. बारीक नेक म्हणजे सोपी नेक असं नेहमी नसतं. १७ ते १९ मि.मी. जाडीची चपटी नेक वेगाने वाजवायला छान असते, पण तळव्याला आधार कमी मिळाल्यामुळे काही मुलांचा अंगठा दाबून दाबून दुखतो. पाच मिनिटं पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारा एकत्र दाबून वाजवायचा सूरमेळ) वाजवायला सांगा आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखतं का ते विचारा. दुखत असेल तर जराशी गोल नेक दाखवायला सांगा.

लहान हाताला २४.७५ इंच स्केल खरंच सोपं पडतं, कारण दोन फ्रेटमधलं अंतर कमी आणि तारा मऊ. नऊच्या किंवा दहाच्या सेटवर सुरुवात करा. ब्रिज स्थिरच घ्या, तारा बदलणं तिला एकटीला जमलं पाहिजे. गळ्यात पट्टा अडकवून हात सोडायला लावा. नेक जमिनीकडे कलंडत असेल तर ती गिटार नको, नाहीतर डाव्या हाताची निम्मी ताकद नेक सावरण्यात जाईल. नेकच्या कडेवरून हात फिरवा, फ्रेटची टोकं बोचत असतील तर तीही बाजूला ठेवा. रंग आणि आकार मात्र तिला निवडू द्या.

प्रश्न : वापरलेली गिटार घेतो आहे. काय तपासू?

उत्तर : ट्यूनर, छोटी पट्टी, टॉर्च, केबल आणि ॲलन कीचा संच सोबत न्या. सूर लावा, मग गिटार डोळ्यासमोर धरून हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) ब्रिजकडे नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाका. बाक दुरुस्त होतो, पीळ होत नाही. एक कड वर आणि दुसरी खाली दिसली तर गिटार खाली ठेवा. परवानगी घेऊन ट्रस रॉड अलगद, दोन्ही बाजूंना थोडा फिरवून बघा. तो पार आवळलेला असेल आणि तरीही नेकला बाक असेल तर पुढे वावच नाही.

नटच्या मागे, हेडस्टॉक जिथे मागे कलतो तिथे टॉर्च तिरका मारा आणि नख फिरवा. गिब्सनसारखा १७ अंशांत कललेला हेडस्टॉक पडल्यावर तिथेच मोडतो. चिकटवलेला जोड बरीच वर्षं टिकतो, पण मग किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे आणि विकणाऱ्याने ते आधी सांगितलेलं असलं पाहिजे. नख रंगाखाली अडखळलं आणि समोरचा गप्प असेल तर परत फिरा.

फ्रेटवर तारेखाली खाचा पडल्यात का बघा, विशेषतः पहिल्या पाच फ्रेटवर. उथळ खाचा घासून जातात. फ्रेट चपटे होऊन एक मि.मी.च्या खाली आले असतील तर नवे बसवावे लागतील, तो खर्च किमतीत धरा. मग बारीक तीन तारांवर बाराव्या ते विसाव्या फ्रेटपर्यंत प्रत्येक ठिकाणी पूर्ण सुराचा बेंड मारा. सूर मधेच गुदमरला तर कुठला तरी फ्रेट उंच आहे. ॲम्प न लावता प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, हे दहा मिनिटांचं काम कंटाळवाणं आहे पण मेलेला सूर फक्त असाच सापडतो.

फ्लॉइड रोझ असेल तर ब्रिज टेकलेले दोन खांब हलतात का आणि त्यांच्याभोवती लाकडाला चीर आहे का ते बघा. सूर लावा, बार पूर्ण दाबून सोडा, ट्यूनर बघा. पाच वेळा करा. दर वेळी आकडा वेगळा येत असेल तर धार गेली आहे.

शेवटी केबल लावा. जॅकपाशी हलवा, नॉब फिरवा, खरखर स्प्रेने जाते पण आवाज तुटत असेल तर टाका निघाला आहे. पॅसिव्ह पिकअपवर तारांना हात लावला की भुणभुण कमी व्हायला हवी. उलट वाढत असेल तर अर्थिंग बिघडलं आहे. गेन भरपूर वाढवून, न वाजवता ॲम्पसमोर उभे राहा. घुमून हळूहळू चढणारा फीडबॅक चालतो. तारा दाबून धरल्या तरी उंच शिट्टी येत राहिली तर पिकअपच्या कॉइल आत सैल आहेत. पिकअप मेणात बुडवून ते बरं करता येतं.

प्रश्न : चांगल्या हंबकरची गिटार आहे, तरी माझा आवाज माश्या घोंगावल्यासारखा येतो. रेकॉर्डवरची भिंत उभी राहत नाही. गिटारच चुकली का?

उत्तर : बहुतेक नाही. रेकॉर्डवर तुम्ही ऐकता ती एक गिटार नसते. तोच रिफ दोनदा किंवा चारदा वाजवून डावीकडे-उजवीकडे ठेवलेला असतो, आणि प्रत्येक गिटारवर गेन तुमच्यापेक्षा कमी असतो. घरी एकट्या गिटारने ती भिंत गाठायला आपण गेन वाढवत जातो, मग ठोक्याची कड जाते आणि उरतो तो घोंगाट.

गेन निम्म्यावर आणा आणि पाम म्यूट वाजवा. ठोका स्पष्ट ऐकू येईपर्यंत कमी करा, मग जेवढा लागतो तेवढाच वाढवा. मिड नॉब शून्यावर असेल तर मध्यावर आणा. मिड काढलेला आवाज खोलीत एकट्याने ऐकायला दांडगा वाटतो, पण बँडमध्ये खर्ज बासकडे आणि ड्रमकडे जातो, वरचा भाग झांजांकडे, आणि गिटारला जागा उरते ती मधलीच. तीच तुम्ही काढून टाकलेली असते.

तरी खालच्या तारा गढूळ असतील तर ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा पेडल लावा. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. त्याचं सर्किट साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग ॲम्पमध्ये जोरात शिरू देत नाही, त्यामुळे पाम म्यूट घट्ट होतो. स्वीडिश डेथ मेटलचा करवतीसारखा आवाज हवा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बॉसच्या एचएम-२ पेडलचे चारही नॉब टोकाला नेतात आणि घोंगाट हाच त्या आवाजाचा प्राण असतो.

नॉइज गेट सगळ्यांत शेवटी लावा. थ्रेशोल्ड एवढाच ठेवा, की हात थांबल्यावर खरखर बंद होईल आणि लांबवलेला सूर मधेच कापला जाणार नाही. तो कापला जात असेल तर गेट नाही, गेन कमी करा. आणि पिक बदलून बघा. पातळ लवचीक पिक तारेवरून चटकन निसटत नाही, त्यामुळे ठोका पसरतो. एक ते दीड मि.मी.चा पिक किंचित तिरका धरून तोच रिफ पुन्हा वाजवा.